पिसावरचा श्वास

बर्नकडच्या डोंगरांतल्या टानबूल गावच्या प्लोनीला सगळे पिसाची प्लोनी म्हणत. तिला आडनाव नव्हते असे नाही. बापाचे होते, नवऱ्याचेही होते, पण दोन्ही कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. बाजारात तिने चीजचा तुकडा मागितला तरी विकणारा आधी तिच्या हातांकडे बघे आणि मग आपली टोपी काढी. तिला त्याचा राग येई. "हात आहेत रे बाबा, धुतलेलेच आहेत," असे म्हणून ती तुकडा उचले आणि चालू लागे.

गावावरच्या टेकडीवर, देवदारांच्या राईत, मरियामाउलीचे एक लहानसे ठाणे होते. दगडी भिंती, लाकडी पाट्यांचे उतरते छप्पर, आत एक वेदी आणि वेदीवर बाळाला कडेवर घेतलेली माउली. नाकाचा शेंडा उडालेला, रंग विटलेला, पण चेहऱ्यावर असा भाव की आत्ताच कुणाची तरी हाक ऐकून वळली आहे. त्या माउलीकडे लोक चार-चार खोरी ओलांडून मेलेली बाळे घेऊन येत.

बाप्तिस्मा न होता गेलेल्या जिवाला स्वर्गात जागा नाही, असे तेव्हा सगळेच मानत. मोठमोठे धर्मपंडित मानत, राजे मानत, मग डोंगरातल्या गवळणीने वेगळे काय मानायचे? असले मूल चर्चच्या आवारात पुरताही येत नसे. कुंपणाबाहेर खड्डा करायचा, वर दगड ठेवायचा आणि मागे न बघता घरी यायचे. बरे, मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही. म्हणजे जन्मताच जे गेले त्याला सगळीकडूनच मज्जाव. फक्त माउलीच्या ठाण्यात एक दार किलकिले होते. तिच्यापुढे बाळ ठेवले तर ती त्याला क्षणभर जीव देते, एका श्वासापुरता, अशी तिची ख्याती होती. तेवढ्यात पाणी शिंपडायचे, नाव ठेवायचे, आणि मग त्याला सुखाने जाऊ द्यायचे.

तो एक श्वास ओळखणे हे प्लोनीचे काम. वेदीसमोर एक सपाट दगड होता, त्याखाली निखाऱ्यांची शेगडी. गारठलेले बाळ त्या दगडावर ठेवायचे, दोन बाजूंना मेणबत्त्या लावायच्या आणि हंसाच्या छातीचे एक बारीक पीस त्याच्या ओठांवर ठेवून वाट बघायची. पीस हलले की प्लोनी म्हणे, "आला!" आणि पाद्री घाईघाईने पाणी घाले. त्या बाळांना ठाण्याच्या भिंतीलगत, छपराच्या वळचणीखाली पुरत. पाऊस पडला की छपरावरून ओघळलेले पाणी त्यांच्यावर पडे. देवाच्या घरावरून आलेले पाणी म्हणजे दर पावसात पुन्हा एकदा बाप्तिस्मा, असा हिशेब. मला तो हिशेब अजूनही पटतो.

त्याच वळचणीखाली, उंबऱ्यापासून अगदी जवळ, प्लोनीचा रुएडी होता.

तो तिचा पहिला, आणि पुढे कळले की शेवटचा. दोन रात्री कळा देऊन तिने त्याला जन्म दिला आणि तो रडलाच नाही. सुईणीने त्याला उलटा धरला, थोपटले, थंड पाण्यात घातले, गरम पाण्यात घातले आणि शेवटी हात टेकले. नवरा योस्टने नाशपाती वाहायची पाठीवरची टोपली घेतली, तिच्यात गवत घातले, बाळ ठेवले आणि बर्फातून टेकडीकडे निघाला. बाळंतिणीने अंथरुणात पडून राहायचे असते. ही बया त्याच्या मागोमाग निघाली.

"मागं फिर, प्लोनी! मरशील वाटेत," योस्ट ओरडला.

"मेले तर मलाही टोपलीत घाल. तू चाल पुढं."

ठाण्याशी पोचल्यावर तिला आत जाता आले नाही. बाळंतिणीची शुद्धी झाल्याशिवाय देवाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, हा नियम सगळ्यांना लागू. तेव्हा पिसाचे काम म्हातारी त्रिनी करी. तिने टोपली घेतली, योस्टलाही बाहेरच ठेवले आणि दार लोटले. प्लोनी उंबऱ्यावर बसून राहिली. आत काय चालले आहे हे बंद दारातून दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. जीव नुसता टांगणीला.

बऱ्याच वेळाने आतून पाद्र्याचा आवाज आला, पाणी पडल्याचा आवाज आला आणि मग त्रिनी बाहेर आली. प्लोनीसमोर वाकून तिने तिच्या डोक्यावरच्या रुमालाची हनुवटीखालची गाठ नीट केली.

"घेतला गं पोरी. एकदाच. पण घेतला."

प्लोनी तेव्हा हसली होती. योस्ट पुढे कितीतरी वर्षे सांगे, मेलेलं पोर घेऊन आलेली बाई अशी हसलेली मी दुसरी पाहिली नाही. तिला दुसरे मूल झाले नाही. पण जिला मूलच झाले नाही अशी बाई ती नव्हती. तिचे मूल होऊन गेले होते. एक श्वासभर का होईना, ते या जगात, तिच्या गावच्या टेकडीवर, जिवंत होते. पुढे योस्ट लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला तेव्हा ती मोडली नाही ती या एकाच गोष्टीच्या आधारावर.

योस्टनंतर ती त्रिनीच्या हाताखाली गेली. झाडलोट, कोळसे, मेणबत्त्या. त्रिनीने तिला पीस कसे ठेवायचे ते शिकवले: ओठांच्या मधोमध नाही, जरा कडेला, नाकपुडीखाली. एकदा कोळसे पेटत नव्हते म्हणून प्लोनी कुरकुरत होती, तेव्हा म्हातारी म्हणाली, "हे काय बघतेस? तुझ्या रुएडीच्या दिवशी तर पार भिजलेले होते. मेले पेटलेच नाहीत. दगड आपला गारच्या गार."

"आणि तरी हललं?"

"तरी हललं," त्रिनी म्हणाली आणि शेगडीत फुंकर मारायला वाकली.

प्लोनीने हे वाक्य दागिन्यासारखे जपून ठेवले.

त्रिनी गेल्यावर पीस प्लोनीच्या हाती आले आणि तिच्याइतके खरेपणाने ते कुणी धरले नसेल. हलले तर हलले, नाही तर नाही. कुणी पाया पडले, कुणी शिव्या दिल्या, एका धनगराने तर कुऱ्हाड दाखवली. ती म्हणे, "बाबा, मी खोटं म्हणाले तर माउलीला फसवल्यासारखं होईल. आणि मग ज्यांचं खरं हललं त्यांचं काय?" हे शेवटचे ती कुणासाठी बोलत होती ते आपण समजून घ्यायचे.

गावातल्या एल्स्बेटचे बाळ आले तेव्हा पावसाळी दिवस होता. कोळसे धुमसत राहिले, दगड तापेना. प्लोनीने दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. पीस जागचे हलले नाही. ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसलेल्या एल्स्बेटला तिने सरळ सांगितले, "नाही गं."

एल्स्बेट उठली. तिने बाळ कुंपणाबाहेर पुरले. त्यानंतर विहिरीवर दोघींची गाठ पडली की एल्स्बेट घडा तसाच ठेवून बाजूला उभी राही आणि प्लोनी जाईपर्यंत देवदारांकडे बघत बसे. पुढे एल्स्बेटला एक मुलगी झाली, फ्रेनी, ती वाढली, लग्नाला आली, तरी या अबोल्यात फरक पडला नाही. फक्त एकदा, पाणी भरताना, ती कुणालातरी उद्देशून म्हणाली होती, "स्वतःच्या पोराला स्वर्ग मिळाला की दुसऱ्याच्या पोराला नाही म्हणायला सोपं जातं." प्लोनीने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

मग काळ फिरला. बर्न शहरात विद्वानांचा मोठा वाद झाला आणि ठरले की मूर्ती नकोत, मेणबत्त्या नकोत, मेलेल्यांसाठी प्रार्थना नकोत. माणूस आणि देव यांच्या मध्ये कुणाचे काम नाही. ग्रंथात असेल तेवढेच खरे. टानबूलला जुना पाद्री जाऊन लिएनहार्ट नावाचा नवा उपदेशक आला. तरुण, लालबुंद गालांचा, आणि राजरोस बायको असलेला! गावाला आधी बायकोचेच नवल वाटले. मूर्तींचे नंतर वाटले.

ज्यांचे गुडघे माउलीपुढे झिजले होते, तेच लोक कुऱ्हाडी घेऊन टेकडीवर गेले. माणसाला जुने मोडण्याची एकदा चटक लागली की त्याच्या अंगात कुठून बळ येते कोण जाणे. माउली जाळली. वेदी फोडली. छपराच्या पाट्या कुणी गोठ्याला नेल्या, शेगडी लोहाराने नेली. बाळे ठेवायचा सपाट दगड जड होता म्हणून राहिला. प्लोनी वळचणीखालच्या जागेवर झगा पसरून बसून होती, कुणाचा पाय तिथे पडू नये म्हणून. कुणी तिला हटकले नाही.

लिएनहार्ट वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. तो वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्याने प्लोनीला घरी बोलावले, आपल्या चुलीजवळ बसवले. त्याच्या गरोदर बायकोने तिला ओटच्या पेजेचा वाडगा दिला, वर सुक्या नाशपातीचे तुकडे.

"प्लोनीबाई, गावात म्हणतात तुम्ही जेवतच नाही. कशाचं दुःख करता? अहो, मी तर तुमच्यासाठी आनंदाची बातमी आणलीय. देव इतका क्षुद्र नाही की थोडं पाणी पडलं नाही म्हणून तान्ह्या लेकराला अंधारात ठेवेल. सगळी बाळं त्याच्याजवळ आहेत. पीस हललं ती, न हललं ती, सगळी."

"कुंपणाबाहेरची पण?"

"कुंपणाबाहेरची पण."

"मग बरं झालं," प्लोनी म्हणाली, आणि तिला एल्स्बेटसाठी खरेच बरे वाटले. "आमचा रुएडी तर वळचणीखालीच आहे. त्यानं श्वास घेतला होता."

तिथेच त्याने थांबायला हवे होते. पण शिकलेल्या माणसाला अर्धे सत्य सांगून थांबता येत नाही. त्याने उशीतून एक पीस काढले आणि तापलेल्या चुलीच्या दगडावर, जरा वर धरून सोडले. पीस थरथरले, वर उचलले गेले, तिरके झाले आणि दगडाच्या कडेला जाऊन पडले.

"बघितलंत? ऊब वर जाते आणि पीस हलवते. दगड तापवलात की हलणारच. त्यात श्वास कुणाचा नाही. यात तुमचा दोष नाही हं, तुम्ही प्रामाणिकच होता."

प्लोनीने पीस उचलले. पुन्हा सोडले. ते पुन्हा थरथरले.

"म्हणजे एकानंही घेतला नाही?"

"नाही. पण त्यानं काय फरक पडतो? ती देवाजवळ आहेत."

"देवाजवळ आहे, ते ठीक आहे हो," प्लोनी म्हणाली. "पण माझ्याजवळ होता का? एवढं सांगा. एक श्वासभर तरी होता का माझ्याजवळ?"

लिएनहार्टने बायकोकडे बघितले. तिने पोटावर हात ठेवला आणि मान खाली घातली. पेज तशीच टाकून प्लोनी बाहेर पडली.

अर्ध्या वाटेवर ती एकदम थांबली. कोळसे! त्रिनीने सांगितले होते, कोळसे भिजलेले होते. दगड गारच्या गार. मग ऊब कुठली? एल्स्बेटच्या दिवशीही दगड तापला नव्हता आणि पीस हलले नव्हते. म्हणजे गार दगडावर पीस आपोआप हलत नाही. आणि रुएडीच्या दिवशी हलले. तिने हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला आणि प्रत्येक वेळी तो बरोबर आला. बाकीच्यांचे सगळे उबेचे खेळ, पण माझ्या रुएडीने घेतला तो खराच. तिला एवढे हलके वाटले की लगेच लाजही वाटली. चार खोऱ्यांतल्या आयांचे ते श्वास एका दुपारी हरवले होते आणि हिचा तेवढा राहिला होता. तिने ते कुणाला सांगितले नाही. पण त्या रात्री ती जेवली.

पुढच्या वर्षी सफरचंदे उतरवायच्या दिवसांत, दाट धुके असताना, तिच्या दारावर थाप पडली. दारात एल्स्बेट. खांद्यावरच्या टोपलीत गवत, मागे भिंतीला टेकून उभी फ्रेनी, ओठ पांढरे पडलेले.

इतक्या वर्षांनंतर एल्स्बेट तिच्याशी पहिल्यांदा बोलली. "चल वर."

"वर आता काय आहे, एल्स्बेट? दगड आहे नुसता. आणि लिएनहार्ट म्हणतात..."

"ते काय म्हणतात ते मलाही ठाऊक आहे," फ्रेनी मधेच म्हणाली. आवाज इतका बारीक की प्लोनीला पुढे व्हावे लागले. "आवारात जागा द्यायला तयार आहेत ते. देवाजवळ आहे म्हणतात. असेल, मावशी. मला फक्त एवढंच बघून सांगा, तो माझ्याकडे आला होता का. नऊ महिने लाथा मारत होता हो. आला होता की नाही?"

प्लोनीने खुंटीवरची पिशवी काढली. पीस अजून त्यात होते.

टेकडीवर ठाण्याच्या चार भिंती उभ्या होत्या, वर नुसते धुके. जाळ करायची सोय नव्हती. धूर दिसला असता तर खालून माणसे धावत आली असती. फ्रेनी उंबऱ्याशी आपोआप थांबली. देव गेला, वेदी गेली, पण बाळंतिणीचा नियम तिच्या पायांना अजून ठाऊक होता. एल्स्बेट तिला धरून बाहेर बसली. टोपली आत देताना ती प्लोनीला म्हणाली, "त्या दिवशीसारखं करू नकोस." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर प्लोनीला बरे वाटले असते.

प्लोनीने बाळ दगडावर ठेवले. मुलगा होता. काळेभोर जावळ, घट्ट मिटलेल्या मुठी. दगड गारच्या गार. तिने पीस ओठांच्या कडेला, नाकपुडीखाली ठेवले आणि गुडघ्यांवर बसली.

तिने मनापासून वाट पाहिली, हे कुणी खोटे म्हणू नये. गार दगडावर पीस हलते, हे तिच्याइतके या जगात कुणाला माहीत नव्हते. रुएडीचे हलले होते. मग याचे का हलणार नाही? "घे रे," ती पुटपुटली, "एकदाच घे. तुझी आई बाहेर बसलीय." पिसावर धुक्याचे बारीक थेंब जमले. ते जड होऊन बाळाच्या गालाला चिकटले. बाहेर फ्रेनीचे दात वाजत होते, तेवढाच आवाज. काहीही हलले नाही.

तिने पीस काढून घेतले. दगडाच्या खळग्यात साठलेले पाणी बोटाने घेऊन बाळाच्या कपाळाला लावले आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थनेचे जुने शब्द म्हटले. मग बाळाला गुंडाळून ती बाहेर आली.

फ्रेनीने वर बघितले. त्या चेहऱ्याकडे बघून प्लोनीला "नाही गं" म्हणता येईना. तेच दोन शब्द तिने कितीतरी जणींना सांगितले होते आणि आज ते तोंडातून निघेनात. तिला त्या नजरेकडे बघवेनाही. ती वाकली आणि फ्रेनीच्या डोक्यावरच्या रुमालाची हनुवटीखालची गाठ नीट करू लागली.

"घेतला गं पोरी. एकदाच. पण घेतला."

फ्रेनी हसली. रडत रडत, ओठ पांढरे असताना, ती हसली. "आई, आला होता तो. ऐकलंस? आला होता."

प्लोनीची बोटे गाठीवरच थांबली. गाठ सैल नव्हती. मुळीच सैल नव्हती, ती घट्ट, नीट बांधलेली होती. रुएडीच्या दिवशी त्रिनीने हात लावला तेव्हा तिची स्वतःची गाठ तरी कुठे सैल होती? निघताना योस्टने आपल्या हाताने आवळून बांधली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून.

एल्स्बेट तिच्याकडे एकटक बघत होती. तिला सगळे कळले होते. बाळ मुलीच्या मांडीवर ठेवून ती उठली, प्लोनीच्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "एवढंच तर बोलायचं होतं गं तेव्हा. एवढंच."

प्लोनीने मान हलवली. त्यांनी बाळाला भिंतीलगत, जिथे पूर्वी वळचणीचे पाणी पडे तिथे पुरले. छप्पर नव्हते, तरी जागा तीच. फ्रेनीने त्याचे नाव उली ठेवले. मग एल्स्बेट मुलीला धरून धुक्यातून खाली उतरू लागली. वाटेत फ्रेनी आईला काहीतरी सांगत होती. बाळाचे जावळ कुणासारखे होते ते सांगत असावी.

प्लोनी तिथेच राहिली. उंबऱ्यालगतच्या आपल्या जागेवर ती बसली, रोजच्यासारखी वाळकी पाने बाजूला केली आणि ओल्या मातीवर तळवा ठेवला. इतकी वर्षे ती त्याच्याशी इथे बोलत आली होती. नाशपातीला बहर आल्याचे सांगितले होते, योस्ट गेल्याचे सांगितले होते, त्याचा राग केला होता, लाड केले होते. आज ती मातीवर वाकली.

"म्हणजे तू आलाच नव्हतास होय रे, राजा?" ती म्हणाली.